वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

खानदेशात एखाद्याला ‘टाटाला नेलंय’ एवढे कानावर आले की पुढचे कोणी विचारत नाही. जळगावहून रात्रीची गाडी, दादरला उतरणे, तिथल्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का याची चौकशी, आणि मग परळचे १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय: ही वाट एरंडोल-पारोळ्याकडच्या कित्येक घरांना पाठ आहे. या वाटेने जाणाऱ्या पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. तंबाखू-चुन्याची चिमूट आणि गुटख्याची पुडी ही त्याची मुख्य कारणे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मात्र मिळते.

शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात. काहींची गाठ तरीही परत येते, आणि पुन्हा कापण्याजोगी उरलेली नसते. अशा वेळी आता डॉक्टरांच्या तोंडून एक नवा शब्द येतो, इम्युनोथेरपी. आणि त्याच्या पाठोपाठ लाखांतला आकडा येतो. हा लेख त्या शब्दाचा आणि त्या आकड्याचा आहे.

आधी शब्द. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. गावातल्या जुन्या जागल्यासारखे त्यांचे काम. समोर येणाऱ्या प्रत्येक पेशीला हटकायचे आणि ती परकी किंवा बिघडलेली निघाली तर मारायची. पण जागल्याने घरच्याच माणसांवर काठी उगारू नये, म्हणून शरीराने त्याला आवर घालण्याची सोयही केली आहे. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचे एक प्रथिन असते. समोरच्या पेशीने त्याला जुळणारे दुसरे प्रथिन पुढे केले, की टी-पेशी थंडावते. कर्करोगाच्या अनेक गाठी नेमकी हीच खूण शिकतात. जागल्या दारात उभा असतो, आणि चोर त्याला ‘मी घरचाच’ म्हणून परत पाठवतो.

निव्होलुमॅबसारखे औषध पीडी-१ वर जाऊन बसते. ती जागा अडली की गाठीची खूण पोहोचत नाही आणि टी-पेशी पुन्हा कामाला लागते. म्हणजे केमोथेरपीप्रमाणे हे औषध गाठीला स्वतः मारत नाही, ते आपल्याच पेशींचा लगाम सोडते. पीडी-१ चा शोध जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. असाच दुसरा लगाम अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी उलगडला. दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून जे काढे आणि चूर्णे मिळतात, त्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही. आणि लगाम सुटलेल्या पेशी कधी कधी घरच्यांवरही उलटतात. आतड्याला, फुफ्फुसाला, यकृताला सूज येते, थायरॉइड बिघडते. उपचार चालू असताना जुलाब किंवा धाप लागली तर ‘बाधलं असेल’ म्हणून घरी थांबू नये.

आता आकडा. निव्होलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. खर्च महिन्याला लाखांच्या घरात, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतो. परिणामी भारतात ज्यांना या औषधाची गरज आहे, त्यांतल्या तीन टक्क्यांहून कमी रुग्णांना ते मिळते. बाकीच्यांसाठी औषध असून नसल्यासारखेच.

टाटा रुग्णालयातल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न केला तो इथे: एवढी मात्रा लागतेच का? केमोथेरपीत साधारणपणे मात्रा जितकी जास्त तितका मार जास्त, म्हणून शरीराला सोसेल तिथवर ती वाढवत न्यायची पद्धत पडली. पण कुलपे मोजकी असतील आणि प्रत्येकात एक किल्ली बसली असेल, तर उरलेल्या किल्ल्यांचा उपयोग काय? निव्होलुमॅबच्या सुरुवातीच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातच दिसले होते, की दर किलो वजनामागे ०.३ मिलिग्रॅम दिले काय आणि १० मिलिग्रॅम दिले काय, पीडी-१ च्या भरलेल्या जागा जवळपास सारख्याच राहतात. शिवाय हे औषध रक्तात कित्येक आठवडे टिकते.

त्यावरून परळला चाचणी आखली गेली. डोके आणि मानेच्या भागातला, पूर्ण बरा होण्यापलीकडे गेलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना तिथे गरीब रुग्णांना दिल्या जाणाऱ्या तीन स्वस्त गोळ्या (मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब) दिल्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या, आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. भारतात ४० मिलिग्रॅमची कुपी मिळते. दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावले तर ती दोघांना पुरते.

२०२२ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये निष्कर्ष आले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षअखेर १६.३ टक्के हयात होते. निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. निम्मे रुग्ण जिवंत असण्याचा काळ ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. गंभीर दुष्परिणामांत वाढ झाली नाही.

हे आकडे जसे आहेत तसे वाचायला हवेत. या उपचाराने रोग समूळ गेला, असा दावा कोणी केलेला नाही. वर्षभरात शंभरातले पन्नासहून अधिक रुग्ण तरीही गेले. पूर्ण मात्रा आणि लहान मात्रा यांची समोरासमोर तुलना या चाचणीत नव्हती, त्यामुळे दोन्ही सारख्याच, असेही त्यावरून म्हणता येत नाही. सिद्ध झाले ते एवढे, की काहीच न मिळण्यापेक्षा २० मिलिग्रॅम खूप चांगले. ज्यांच्यापुढे पूर्ण मात्रेचा पर्यायच नाही, त्यांच्यासाठी हे उत्तर मोलाचे आहे.

असा प्रश्न औषध कंपनीने विचारावा, ही अपेक्षा व्यर्थ. आपला खप दहापट घटवणारी चाचणी कोण करील? तो सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयातूनच यायचा. टाटा मेमोरियल १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. याच संस्थेने पवईच्या आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत ‘नेक्सकार-१९’ ही पेशी-उपचार पद्धती उभी केली. तीत रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांत फेरफार करून परत सोडतात. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि किंमत परदेशातल्या अशा उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. ती काही रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, तोंडाच्या नव्हे. पण ‘आपल्या माणसाला हे परवडेल कसे’ हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न तोच आहे.

घरात हा प्रसंग आलाच, तर कापसाचे वावर विकायला काढण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. हा उपचार रोग बरा करण्यासाठी आहे, की आयुष्य लांबवण्यासाठी? या गाठीवर तो चालण्याची शक्यता किती? लहान मात्रा आमच्या माणसाला देता येईल का? आणि औषध नाहीच दिले, तर वेदना कमी करण्यासाठी काय करता येईल? डॉक्टरांना हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘कमी दिले तर चालेल का’ हे परळच्या डॉक्टरांनीही विचारले, म्हणून तर २० मिलिग्रॅमचे उत्तर सापडले.