स्कॉटिश कुळाचा शोध

आपलें कूळ कोठून आलें ही जिज्ञासा सर्व देशांत आढळते. स्कॉटलंडांतील कुळांचा शोध कसा घ्यावा, याचे प्राथमिक पाठ आतां संगणकावर घरबसल्या घेतां येतात. निवृत्तीनंतर मीं ते घेतले. त्यांचें सार आज सांगतों.

पहिला नियम असा कीं, स्वतःपासून एकेक पिढी मागें जावें. एखादा थोर पूर्वज आधीं निवडून तेथून खालीं उतरूं नये.

स्कॉटलंडांत जन्म, विवाह व मृत्यु यांची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ रोजीं सुरू झाली. इंग्लंडांत ती १८३७ सालींच सुरू झाली होती; परंतु मागाहून आलेली स्कॉटिश नोंद अधिक बोलकी आहे. मृत्यूच्या नोंदींत मृताच्या आईबापांचीं नांवें व आईचें माहेरचें आडनांवही लिहीत. म्हणजे एका नोंदीवरून एक पिढी मागें जातां येतें. मात्र ही माहिती दुसऱ्या कोणी दिलेली असते; ती चुकीचीही असूं शकेल. म्हणून माहिती देणाऱ्याचें मृताशीं नातें काय, हें अवश्य पाहावें.

१८५५ पूर्वीचा मुख्य आधार चर्चच्या वह्यांचा. त्यांतील सर्वांत जुनी एरल गांवची, १५५३ सालची आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन १८०४ सालीं लॉडर येथें जन्मले. त्यांच्या पिढीचा शोध अशा वह्यांतच घ्यावा लागतो. याखेरीज १८४१ ते १९२१ पर्यंतच्या, दर दहा वर्षांच्या खानेसुमारीच्या याद्याही पाहावयास मिळतात.

खरा घोटाळा नांवांचा. थोरल्या मुलास बापाच्या वडिलांचें व दुसऱ्यास आईच्या वडिलांचें नांव ठेवण्याची चाल तेथें रूढ होती. आपल्याकडेही नातवास आजोबांचें नांव ठेवतातच! त्यामुळें एकाच गांवांत एकाच नांवाचे चार चुलतभाऊ सांपडतात. शिवाय मूल दगावलें तर तेंच नांव पुढच्या मुलास देत.

अभ्यासाच्या एका उदाहरणांत नांव जुळतांच मीं एक जन्मनोंद पक्की धरली आणि तिच्यावर तीन पिढ्यांची वंशवेल चढविली. पुढें मृत्यूची नोंद पाहिली, तों तें बाळ चार महिन्यांचें असतांनाच गेलें होतें! मुलांचीं गणितें आयुष्यभर तपासणाऱ्या मला स्वतःचा ताळा पाहण्याचें सुचलें नव्हतें.

तेव्हां पुरावा नसेल तेथें जागा मोकळी ठेवावी. खोट्या आजोबांपेक्षां ती रिकामी जागा अधिक प्रामाणिक होय.