दोन दिव्यांमधील अंतर

रोज स्कूटरने कचेरीत जाणाऱ्या एका वाचकभगिनींचे पत्र समोर आहे. संध्याकाळी परतताना चौकात समोरून आलेली एक मोटार उजवीकडे वळता वळता त्यांच्या आडवी आली, त्यांना स्कूटर रस्त्याच्या कडेला घालावी लागली, आणि खाली उतरलेल्या मोटारचालकाने जी कैफियत दिली ती एका वाक्यात संपली : "तुम्ही दिसलाच नाहीत." त्यांचा हेडलाइट तर चालू होता, 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे तयार होणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि तो मालवण्याची मुभा चालकाला नसते. तेव्हा याहून दुप्पट-तिप्पट प्रखर, पांढराशुभ्र एलईडी बसवून घ्यावा काय, असे त्या विचारतात.

त्या मोटारचालकाची कैफियत सबबीसारखी वाटली तरी ती बहुधा खरी असावी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे 900 मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला आणि 1981 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात मोटारीशी झालेल्या टकरींचे सर्वांत ठळक कारण हेच नोंदविले आहे, की मोटारचालकाला दुचाकी वेळेवर दिसली नाही किंवा दिसूनही ध्यानात आली नाही. तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते म्हणून मोटार डावीकडे वळताना आडवी येते; एरवी प्रसंग तोच.

वळू पाहणाऱ्या त्या चालकाच्या जागी आपण बसून पाहू. हँडलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्कूटर 70 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते, आणि 80 मीटरवरून पाहणाऱ्याला ती पूर्णचंद्राएवढी, म्हणजे हात लांब करून चिमटीत धरलेल्या तुरीच्या दाण्याएवढी भासते. नीट समोरून येणारी वस्तू डावी-उजवीकडे सरकत नाही. ती येत आहे याचा डोळ्यापाशी मुख्य पुरावा एकच, तो म्हणजे तिचा वाढता आकार. डोळ्याशी होणारा तिचा कोन किती वेगाने वाढतो हे काढण्यासाठी वस्तूच्या रुंदीला तिच्या वेगाने गुणावे आणि अंतराच्या वर्गाने भागावे. ही वाढ सेकंदाला सुमारे 0.003 रेडियनहून मंद असली, तर ती वस्तू मनुष्याला जवळजवळ स्थिरच वाटते. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारी, पावणेदोन मीटर रुंदीची मोटार हा उंबरठा 90 मीटरवर ओलांडते, तर तितक्याच वेगाची स्कूटर 57 मीटरवर. हा झाला दिवसाचा हिशेब. अंधारात स्कूटरची आकृतीच लोपते, उरतो तो वीतभरही रुंद नसलेला एक हेडलाइट. 15 सेंटिमीटर रुंदी धरून तेच गणित मांडले की उंबरठा येतो 26 मीटरवर, आणि 26 मीटर म्हणजे दोन सेकंदांहूनही कमी अवधी. तोवर दिवा दिसत असतो, उत्तम दिसत असतो, पण तो येत आहे हे कळत नाही; एखाद्या दुकानाच्या पाटीवरील दिव्यासारखा तो जागच्या जागी टांगलेला राहतो.

याच स्कूटरला एकमेकांपासून 60 सेंटिमीटर अंतरावर दोन लहान दिवे लावले, तर उंबरठा 53 मीटरवर जातो आणि पाहणाऱ्याला पावणेचार सेकंद मिळतात. अवधी दुप्पट झाला, तो दिव्यांमधील अंतरामुळे. यात एक धोका मात्र आहे, आणि तो मला फार उद्बोधक वाटतो : नुसते दोनच दिवे असतील तर 50 मीटरवरची स्कूटर सव्वाशे मीटरवरच्या मोटारीसारखी भासू शकते, कारण मोटारीचे दीड मीटर अंतरावरचे दिवे तेवढ्या लांबून तितकेच जवळजवळ दिसतात. म्हणून वर हेडलाइट आणि खाली दोन बाजूंना दोन दिवे, असा त्रिकोण हवा. तो मोटारीच्या तोंडावर नसतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उजेड कमी होताच एकदिवी मोटारसायकलच्या वेगाचा लोकांचा अंदाज फार बिघडला, आणि तीन दिव्यांच्या त्रिकोणाने तो सुधारला.

प्रखरतेच्या प्रश्नाकडे वळताना मला एका विस्मृत माणसाची आठवण केल्यावाचून राहवत नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील प्राध्यापक एडमंड गॉडफ्री बर यांनी 1940 साली बर्फाच्छादित जमिनीवर उतरू लागलेले एक विमान पाहिले, आणि ते पाहता पाहता दिसेनासे झाले. खालच्या बर्फावरून उसळलेला प्रकाश विमानाच्या पोटावर पडून ते पोट पाठीमागच्या आकाशाइतकेच उजळ झाले होते. अशी गोष्ट पाहून हजार माणसे डोळे चोळतील आणि पुढे जातील. बर यांनी त्यातून तत्त्व काढले, की वस्तू दिसते ती तिच्या आणि पार्श्वभूमीच्या उजेडातील फरकामुळे, आणि काळ्या वस्तूवर मोजका प्रकाश टाकला तर ती झाकली जाते. युद्धकाळात कॅनडाच्या नौदलाने 1941 पासून आपल्या जहाजांच्या बाजूंवर मंद दिवे रोखून ती रात्रीच्या आकाशात मिसळवून पाहिली. पुढे अमेरिकन नौदलाने ॲव्हेंजर विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला दिवे जडवले, तेव्हा 12 मैलांवरून दिसणारे ते विमान 3000 यार्डांवर येईपर्यंत ओळखू येईना. रडार आले आणि ही विद्या मागे पडली. प्रकाशशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून बर यांचे नाव आढळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मावळत्या सूर्याकडे पाठ करून येणाऱ्या स्कूटरची अवस्था त्या ॲव्हेंजरसारखीच असते. तेथे तिची काळी आकृती हीच तिची ओळख, आणि त्या आकृतीच्या मध्यभागी झळकणारा एकच मोठा दिवा ती ओळख पुसू शकतो. वडाच्या दाट सावलीतील रस्त्यावर मात्र तोच हेडलाइट लांबून उठून दिसतो, म्हणून 2017 चा नियम मला योग्यच वाटतो.

बाजारातील प्रखर एलईडीची गोष्ट निराळी. जुन्या हॅलोजन बल्बसाठी घडवलेली हेडलाइटची वाटी ही तिच्या नाभीवरील केसासारख्या बारीक तारेच्या हिशेबाने घडवलेली असते. तेथे पट्टीच्या दोन्ही अंगांना तुकडे चिकटवलेला एलईडी बसवला, की किरण नाभीपासून ढळतात आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्या डोळ्यात प्रकाश विखुरला जाऊन दिव्याभोवती एक उजळ पडदा पसरतो, आणि हा पडदा दिव्याच्या निकट सर्वांत दाट असतो. त्यात बुडते काय? हँडलची रुंदी, हँडलवरचा लुकलुकणारा इंडिकेटर, चालकाचे खांदे. ज्या पुराव्यावर समोरच्याने आपला वेग ओळखायचा, तोच सारा पुरावा.

तेव्हा मूळ हेडलाइट जसाच्या तसा ठेवून, खाली लेगगार्डच्या दोन टोकांना तीन-तीन वॅटचे दोन साधे एलईडी, किंचित खाली झुकवून, फिटरकडून वेगळ्या फ्यूजसह बसवून घ्यावेत. 12 व्होल्टच्या बॅटरीवर त्यांचा भार अर्ध्या अँपिअरचा, म्हणजे किरकोळ. पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवण्यास मोटार वाहन नियमांची मनाई आहे, तो मोह टाळावा. पूर्वीच्या स्कूटरींचा दिवा बॅटरीवर नव्हे तर थेट मॅग्नेटोवर चाले, त्यामुळे चौकात थांबताच तो निखाऱ्यासारखा मंद होई आणि चालक क्लच दाबून उगाच रेस देत तो फुलवीत बसत. ज्यांच्या घरी अशी स्कूटर अजून चालती आहे, त्यांनी आधी दिव्यासाठी बॅटरीची तजवीज करावी.

मागच्या बाजूला ब्रेकलाइटचा तारेचा बल्ब काढून एलईडी लावणे मात्र निःसंशय हिताचे. तार तापून उजळायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि ताशी 60 किलोमीटरने मागून येणारी मोटार तेवढ्यात सव्वातीन मीटर पुढे सरकते. त्याखेरीज दोन्ही कडांना रेडियमच्या उभ्या पट्ट्या चिकटवाव्यात. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियमचा कणही नसतो. असतात ते काचेचे सूक्ष्म मणी किंवा तीन आरशांचे इवले कोपरे, जे प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवतात. 1969 साली अपोलो 11 च्या यात्रिकांनी चंद्रावर ठेवलेले परावर्तक याच कोपऱ्यांचे आहेत, आणि चांद्रयान 3 च्या विक्रमवरही तसाच एक आहे.

पट्ट्या लावून झाल्यावर रात्री स्कूटरपासून वीस-पंचवीस पावले दूर जाऊन टॉर्च कानशिलापाशी धरावी. दोन उभ्या रेघा पेटून उठतील आणि स्कूटरची पूर्ण रुंदी त्यांच्यामध्ये मोजता येईल. मग हात कमरेपर्यंत खाली न्यावा, की त्या विझू लागतील, कारण परतणारा प्रकाश डोळ्याकडे न येता टॉर्चकडेच जात असतो.