सहा वर्षं, तीन महिने

युरोपात वाइनच्या बाटलीचं रुळलेलं माप 750 मिलिलिटर. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ज्युरा भागातली एक बाटली मात्र या मापाला जुमानत नाही. बुटकी, रुंद खांद्यांची ही बाटली 620 मिलिलिटरची. तिचं नाव क्लाव्हलँ. युरोपीय संघाने बाटल्यांची मापं एकसारखी केली, तेव्हाही तिला खास सवलत मिळाली, कारण या मापातच आतल्या वाइनचा सगळा हिशेब आहे. एक लिटर वाइन पिंपात भरून सहा वर्षं तीन महिने ठेवली की शेवटी जेवढी हाती लागते तेवढी या बाटलीत मावते, असं तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. बाकीची 380 मिलिलिटर लाकडातून हवेत उडून गेलेली असते.

ही वाइन म्हणजे ‘व्हँ झोन’, पिवळी वाइन. फ्रेंच खाद्यलेखक क्युर्नोन्स्की यांनी फ्रान्समधल्या सर्वोत्तम पाच पांढऱ्या वाइन निवडल्या, तेव्हा मोंराशे आणि शातो दिकेम यांच्या पंक्तीला त्यांनी ज्युरातल्या शातो-शालों या चिमुकल्या गावाची पिवळी वाइन बसवली. मोंराशे आणि दिकेमची नावं जगभरच्या श्रीमंतांच्या तोंडी असतात. शातो-शालोंचं नाव वाइनच्या दर्दी लोकांपलीकडे फारसं पोचलेलं नाही. माझ्या मते मात्र पांढरी वाइन मुरवण्याची कला तिच्या सर्वांत कठीण रूपात पाहायची असेल, तर ती इथेच पाहावी. इतर बहुतेक ठिकाणी पांढऱ्या वाइनला जिच्यापासून डोळ्यांत तेल घालून जपतात, त्या हवेलाच इथल्या लोकांनी कामाला लावलं आहे.

ज्युरा म्हणजे बर्गंडी आणि स्वित्झर्लंडची सरहद्द यांच्यामधला डोंगराळ पट्टा. फिलॉक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, इथे सुमारे 20,000 हेक्टरवर द्राक्षबागा होत्या. आज जेमतेम 2,000 हेक्टर उरल्या आहेत. शातो-शालों हे गाव उंच कड्याच्या टोकावर वसलेलं. फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्सचा मठ होता. कड्याखालच्या तीव्र उतारांवर चुनखडी मिसळलेली निळसर-करडी चिकणमाती आहे, आणि त्या मातीत साव्हान्यँ या एकाच जातीच्या वेली आहेत. शातो-शालों या नावाने वाइन काढण्याचा हक्क असलेली जमीन आसपासच्या चार गावांत मिळून सुमारे 50 हेक्टर आहे.

साव्हान्यँचे मणी लहान, साल जाड, आणि पिकायला उशीर. गोडी भरपूर उतरली तरी आंबटपणा टिकून राहतो. पुढची सहा वर्षं तोच वाइनला सावरून धरतो. तोडणी सहसा ऑक्टोबरवर जाते. शातो-शालोंच्या नियमानुसार हेक्टरी 3,000 लिटरपेक्षा जास्त वाइन काढता येत नाही. म्हणजे एकराला साधारण 1,200 लिटर. नाशिकच्या बागाईतदाराला हा उतारा फारच तुटपुंजा वाटेल. त्यातही शेवटी बाटलीत किती पोचणार, हे तोडणीच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

रस आंबून वाइन तयार होईपर्यंत सगळं इतर पांढऱ्या वाइनसारखंच. वाट वेगळी होते ती त्यानंतर. वाइन बहुधा बर्गंडीतल्यासारख्या 228 लिटरच्या, आधी वापरलेल्या ओकच्या पिंपांत भरतात. इतरत्र पिंपातली वाइन बाष्पीभवनाने कमी होऊ लागली की वरचेवर भर घालून ते काठोकाठ ठेवतात, म्हणजे हवेला जागा उरत नाही. इथे भर घालायला मनाई आहे. सुरुवातीलाच पिंप थोडं रिकामं ठेवतात, आणि वर्षागणिक ती पोकळी वाढत जाते.

या पोकळीत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा एक पातळ, करडा-पांढरा थर धरतो. तापवलेल्या दुधावर साय धरावी, तसा. फरक एवढाच की ही साय जिवंत असते. रसातली साखर संपली की यीस्टचं काम संपतं, असं आपण मानतो. पण सॅकरोमायसिस यीस्टचे काही वाण साखर संपल्यावर मद्यार्कावर आणि हवेतल्या ऑक्सिजनवर जगायला शिकलेले असतात. ते वर तरंगतात, एकमेकांना धरून राहतात आणि खालच्या वाइनकडे जाणारा ऑक्सिजन स्वतःच वापरून टाकतात. त्यामुळे अर्धवट भरलेल्या पिंपातही वाइन तपकिरी पडत नाही. त्याच वेळी हे यीस्ट मद्यार्कापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करत राहतं, आणि त्यातून वाइनला हिरव्या सफरचंदाचा आणि अक्रोडाचा वास येऊ लागतो.

स्पेनमधली फिनो शेरीही अशाच थराखाली मुरते, पण तिच्यात वरून मद्यार्क घालून तिची ताकद वाढवतात, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकमेकींत मिसळत राहतात. ज्युरात वरून काहीच पडत नाही. बाटलीवर जे साल छापलेलं असतं, त्याच सालच्या द्राक्षांची वाइन आत असते. पाणी उडून गेल्यामुळे ती आपोआप कडक होते. मद्यार्काचं प्रमाण साधारण 13.5 ते 15 टक्क्यांपर्यंत जातं.

तळघराबाबतही इथे उलटा न्याय आहे. वाइनसाठी बारा महिने एकाच तापमानाचं, दमट, खोल तळघर उत्तम, असं सगळीकडे मानतात. पिवळ्या वाइनला मात्र हवा खेळती लागते आणि ऋतूंचा चढउतारही लागतो. म्हणून काही जण ही पिंपं जमिनीच्या वर, अगदी माळ्यावरसुद्धा ठेवतात. उन्हाळ्यात थर जोमाने वाढतो. थंडीत तो मंदावतो, त्याचे तुकडे तळाशी बसतात. वसंत आला की पुन्हा धरतो. पिंप हलवलं तर थर फुटतो, म्हणून ते जागचं हलवायचं नाही.

पण हात लावायचा नाही म्हणजे लक्ष द्यायचं नाही, असं नव्हे. पिंपाच्या तोंडावरच्या छोट्या तोटीतून वेळोवेळी थोडीशी वाइन काढून चाखतात आणि प्रयोगशाळेत तपासून घेतात. भीती असते ती व्हिनेगरची. थर विरळ झाला आणि अ‍ॅसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी शिरकाव केला, तर पिंप हातचं जातं. एकाच दिवशी, एकाच बागेतल्या रसाने भरलेली, शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिंपं तीन वर्षांनी अगदी वेगळी निघतात. एक पुढे जातं. दुसरं वेळीच बाजूला काढून साध्या वाइनच्या नावाने विकावं लागतं. कोणतं पिंप पुढे न्यायचं आणि कोणतं थांबवायचं, हे वेळीच ओळखण्यात उत्पादकाची खरी कसोटी असते.

या भागाच्या नशिबाने इथला एक रहिवासी लुई पाश्चर होता. 1822 मध्ये दोल इथे जन्मलेला पाश्चर लहानाचा मोठा झाला तो ज्युरातल्या आर्ब्वा गावात. 1863 मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याच्यावर वाइन का नासते हे शोधण्याचं काम सोपवलं, तेव्हा अभ्यासासाठी तो आर्ब्वालाच आला. 1866 मध्ये वाइनवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाइन नासते ती सूक्ष्मजीवांमुळे, आणि मुरते ती लाकडातून हळूहळू, अगदी थोडा थोडा झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे, असं त्याने मांडलं. पिवळ्या वाइनवरचा थरही त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गावकऱ्यांना जे अनुभवाने ठाऊक होतं, त्याचं कारण पहिल्यांदा हाती आलं.

कायद्याने ही पद्धत 1936 मध्ये बांधून दिली. फ्रान्समध्ये गावाच्या नावाला कायदेशीर संरक्षण देण्याची व्यवस्था त्या वर्षी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच यादीत आर्ब्वा होतं आणि लगोलग शातो-शालोंही आलं. आज पिवळी वाइन आर्ब्वा, शातो-शालों, लेत्वाल आणि कोत द्यु ज्युरा अशा चार नावांनी निघते. नियम असा : तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षीच्या 15 डिसेंबरपर्यंत वाइन पिंपातच राहिली पाहिजे, आणि त्यातले किमान 60 महिने थराखाली गेले पाहिजेत. म्हणजे 2018 च्या द्राक्षांची वाइन 2025 उजाडल्यावरच बाजारात येते.

आता ग्लासाकडे वळू. पिवळी वाइन चाखायची तर थोडी पूर्वतयारी लागते. पांढरी वाइन म्हणून ती फ्रिजमधून काढून थेट ओतली, तर तिचे सगळे गंध मिटलेले राहतात. 14 ते 16 अंश सेल्सिअस हे तिचं तापमान. बूच काही तास आधी काढून ठेवावं. ग्लासात थोडीशीच घ्यावी. रंग जुन्या सोन्याचा. पहिल्या वासाला अक्रोड येतो, मग वाळवलेलं सफरचंद, मग भाजलेले मसाले. आणि त्यांच्या मागून मराठी नाकाला अगदी घरचा असा वास येतो : मेथीचा. हा भास नाही. या वाइनमध्ये वर्षं सरतील तसा सोटोलॉन नावाचा पदार्थ तयार होत जातो, आणि मेथीदाण्याला त्याचा ओळखीचा वास देणारा रेणू हाच. अ‍ॅसिटाल्डिहाइडपासून तो घडायला वेळ लागतो; दोन-तीन वर्षांत पिंप रिकामं केलं, तर त्याचा मागमूस जेमतेम लागतो. सहा वर्षांचा नियम कोण्या रसायनशास्त्रज्ञाने ठरवलेला नाही, पण रसायनशास्त्राची त्याला साक्ष आहे.

नाकाला एवढा गोडसर गंध आल्यावर जिभेलाही गोडी लागेल असं वाटतं. लागत नाही. वाइन पूर्ण कोरडी असते, धारदार आंबट, मागाहून किंचित खारट. घोट गिळल्यावरही अक्रोड-मेथीची चव तोंडात बराच वेळ रेंगाळत राहते. पहिल्यांदा चाखणाऱ्याला अनेकदा वाटतं, ही बिघडली आहे. तसं वाटलं तर ग्लास बाजूला सारू नये. ज्युराच्याच गाईंच्या दुधाच्या, वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या कोंते चीजचा तुकडा सोबत घ्यावा. चीजमधला खारट-गोडसर अक्रोडी स्वाद आणि वाइनची धार एकमेकांना भेटली, की ही वाइन अशी का, हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या घरांत कोंबडी याच वाइनमध्ये, साय आणि मोरेल अळंबी घालून शिजवतात. मोरेल म्हणजे आपल्याकडे हिमालयात मिळते ती गुच्छी.

उघडलेली बाटली पुन्हा बूच लावून ठेवली, तर आठवडे टिकते. न उघडलेली अर्धशतक सहज काढते, कधी कधी त्याहून कितीतरी जास्त. 1774 साली, म्हणजे सोळावा लुई गादीवर आला त्या वर्षी, आर्ब्वाच्या अनातोआल व्हेर्सेल या बागाईतदाराने केलेल्या वाइनच्या काही बाटल्या आजवर टिकून आहेत. 1994 मध्ये जाणकारांच्या एका गटाने त्यांतली एक उघडून चाखली आणि तिला दहापैकी 9.4 गुण दिले. 2018 मध्ये आणखी एक बाटली लों-ल-सोन्ये इथे लिलावात 1,03,700 युरोला गेली. याउलट बर्गंडीच्या नामांकित, महागड्या पांढऱ्या वाइनच्या बाबतीत 1990 च्या दशकाच्या मध्यापासून वेगळाच अनुभव आला : दहा-पंधरा वर्षं ठेवायच्या म्हणून घेतलेल्या बाटल्या काही वर्षांतच तपकिरी आणि निस्तेज निघू लागल्या. बूच, दाबयंत्रं, गंधकाचं प्रमाण अशी अनेक कारणं त्यामागे सांगतात. मुळात प्रश्न ऑक्सिजनचाच आहे. हवेपासून सांभाळलेली वाइन हवा आत शिरताच कोसळू शकते. पिवळ्या वाइनचा हवेशी सामना पिंपातच होऊन गेलेला असतो, म्हणून बाटलीत तिला हवेचं भय उरत नाही.

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला सहा वर्षं तीन महिने पुऱ्या झालेल्या वाइनचं पिंप लोकांसमक्ष फोडण्याचा उत्सव होतो. 1997 मध्ये सुरू झालेला हा उत्सव दर वेळी वेगळ्या गावात भरतो. पण उत्सवामागचा हिशेब सोपा नाही. सात वर्षांच्या सात सुग्यांचा माल तळघरात पडून असतो, त्यात पैसा अडकतो, आणि दर वर्षी थोडा माल उडून जातो. 2017 आणि 2021 च्या वसंतातल्या कडक थंडीने कोवळे कोंब जाळले. अशा वर्षांची तूट उत्पादकाला पुढे सहा वर्षांनी पुन्हा सोसावी लागते. त्याच साव्हान्यँची, पिंप भरत ठेवून केलेली ताजी वाइन दोन वर्षांत विकता येते, आणि ती चांगली खपतेही. तरीही पिवळ्या वाइनची पिंपं भरली जातात.

का भरली जातात, याचं उत्तर मला शातो-शालोंच्या एका प्रथेत सापडतं. तिथे तोडणीच्या आधी एक समिती बागांतून फिरते, घड पाहते, आणि या वर्षाची द्राक्षं गावाच्या नावाला साजेशी आहेत की नाहीत ते ठरवते. 1974, 1980, 1984 आणि 2001 या चार वर्षांत शातो-शालोंच्या नावाने एकही बाटली निघाली नाही. बागा त्यांच्याच होत्या, नुकसानही त्यांचंच होतं, आणि नाव लावायचं नाही हा निर्णयही उत्पादकांनी स्वतःच मान्य केला. वाइन मुरवणं म्हणजे नुसतं थांबणं, असं अनेकांना वाटतं. शातो-शालोंला पाहिल्यावर कळतं की कशासाठी थांबायचं हे आधी ठरवावं लागतं. सहा वर्षं टिकणार नाही असा माल पहिल्याच दिवशी बाजूला काढण्याची ज्यांची तयारी असते, त्यांनाच पुढची सहा वर्षं निर्धास्तपणे थांबता येतं.