आडवाटेचे रविवार

आमच्या बेलापुरात घर दाखवायला नेणारा दलाल आधी स्वयंपाकघर दाखवत नाही. तो थेट मागची खिडकी उघडतो नि म्हणतो, "डोंगर दिसतो!" त्या एका डोंगरापायी भाडे हजार-दोन हजारांनी चढते. पुढे भाडेकरू वर्षानुवर्षे तो डोंगर पाहतो तो फक्त कपडे वाळत घालताना. पाऊस आला की तो हिरवा होतो, होळीच्या सुमारास तपकिरी होतो, यापलीकडे त्याची वार्ता कुणी घेत नाही.

वाचकहो, या शहराची गंमतच तशी आहे. सिडको स्थापन झाली १९७० च्या मार्चमध्ये. खाडीकाठची भातखाचरे, मिठागरे आणि गावठाणे यांच्यावर नव्या शहराचा नकाशा अंथरला गेला. पण त्या नकाशाची पूर्वेकडची कड अजून डोंगरांनी धरून ठेवली आहे. खाणींनी कुरतडलेली पारसिकची रांग, तिच्या पुढे खारघरचे पठार, पनवेलच्या पलीकडे प्रबळ, इर्शाळ आणि माथेरान, नि गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याचा तो प्रसिद्ध अंगठा. उलव्याची टेकडी मात्र आता शोधू नका. ती विमानतळासाठी कापून सपाट केली. २०२५ साली त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले.

आमची टोळी पाचजणांची. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही अजूनही साहेबच म्हणतो. एक शाळामास्तर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, एक दातांचे डॉक्टर आणि अस्मादिक. महिन्यातून एक रविवार आम्ही डोंगरात घालवतो. सकाळच्या पहिल्या गाडीने निघावे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी नि गूळ बरोबर घ्यावा, दिवेलागणीला परत यावे. मुक्काम नाही, तंबू नाही, पराक्रम तर मुळीच नाही. फक्त एक खोड आहे. पाटी लावलेली, बाण रंगवलेली, माणसांनी फुललेली वाट आम्हांला मानवत नाही. ती सोडून रानात शिरायचे, ही आमची चैन. (अभयारण्याची गोष्ट वेगळी. कर्नाळा हे १९६८ सालचे, राज्यातले पहिले पक्षी अभयारण्य. तिथे वाट सोडायची नाही म्हणजे नाही. आणि शीळकस्तूर वाटेवरूनही ऐकू येतो.)

वाट सोडणे म्हणजे दिसेल तिकडे घुसणे, असा समज असेल तर तो आधी सोडलेला बरा. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांनी बनलेला डोंगर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. त्यांतला कठीण थर उभा राहिला, त्याचा कडा झाला. मऊ थर झिजला, त्याची माची झाली. म्हणून आपला कुठलाही डोंगर दुरून जिन्यासारखा दिसतो. एक पायरी उभी, एक आडवी. कड्याला थेट भिडणारा माणूस तिथेच अडकतो. शहाणा माणूस माचीवरून आडवा चालत राहतो. कुठे ना कुठे एखादी सोंड किंवा घळ कड्याला फोडून वर गेलेली असते, तिथून तो पुढची पायरी गाठतो. ही गोष्ट एकदा ध्यानात आली, की डोंगर वर्तमानपत्रासारखा वाचता येतो.

वाटा वाचणे मात्र जरा अवघड. त्यात आमच्या वहिनींचा हात कुणी धरणार नाही. ढोरवाट आणि माणसाची वाट यांत फरक असतो. ढोरवाट ऐसपैस सुरू होते, दहा ठिकाणी फुटते आणि एखाद्या गवताळ उतारावर विरून जाते. गुरांना कुठे पोचायचे नसतेच. माणसाची वाट अरुंद पण हट्टी असते. वहिनी पायांखाली पाहतच नाहीत, खांद्याच्या उंचीला पाहतात. फांदी कोयत्याने तिरपी तोडलेली असली, की तिथून माणूस गेला. गुरे फांदी मोडतात, तोडत नाहीत. खडकावर गुळगुळीत चकाकी असली तर तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे अनवाणी पाय पडलेले असतात. डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये नकाशा आहे, पण या रानात तो बहुधा हिरवा डाग दाखवतो नि त्या डागात एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपण. आपण कुठे आहोत ते कळते, पण कुठून जायचे ते कळत नाही.

आणि या सर्वांवर राज्य करते ती कारवी. पावसाळ्यात ती पुरुषभर उंच माजते. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, उतारच्या उतार जांभळे करते आणि मरून जाते. तिच्या काठ्यांचे कूड करून, त्यावर शेणमाती लिंपून ठाकर-कातकऱ्यांच्या भिंती उभ्या राहतात. घसाऱ्यावर तिचाच बुंधा हाताला येतो. पण वाट झाकण्यात तिच्यासारखी तरबेज दुसरी वनस्पती नाही.

आमचे कायदे थोडेच आहेत. पाणी ज्याचे त्याने वाहायचे. दुपारी दोन वाजता असू तिथून मागे फिरायचे, मग माथा हाताच्या अंतरावर असला तरी. यावरून साहेब दर खेपेला पाच मिनिटे रुसतात. आणि पावसाळ्यात ओढ्यात उतरायचे नाही. हा शेवटचा कायदा कुणी बाळबोध म्हणेल. खारघरचा पांडवकडा एकशेसात मीटर उंचीवरून पडतो. तिथे जायला बंदी असते, तरी पावसाळ्यातल्या रविवारी जथेच्या जथे जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुली त्या पाण्यात वाहून गेल्या. यातले मर्म पुष्कळांना ठाऊक नसते. खाली ऊन असते, गुडघाभर पाण्यात पोरेसोरे खेळत असतात. पण वरच्या पठारावर पाऊस कोसळत असतो. तो काळा कातळ पाणी पीत नाही. पठारभर पडलेले सगळे पाणी त्या एकाच ओढ्याने उतरते, आणि गुडघ्याचे छातीला यायला काही मिनिटे पुरतात. त्याच डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. त्यांची रोजची ये-जा असते. आभाळ भरले की ओढा ओलांडायचा नाही, हे तिथल्या पोरालाही सांगावे लागत नसावे.

खरे म्हणजे याच माणसांबद्दल मला लिहायचे आहे. आम्ही मोठ्या ऐटीत "नवी वाट शोधली" म्हणून घरी सांगतो. अशा शोधांची परंपरा जुनी आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चौकच्या बाजूने डोंगर चढून माथेरानवर गेला, आणि माथेरानचा "शोध" लागला. पुढे तिथे बंगले झाले, १९०७ साली नेरळहून झुकझुकगाडी आली. पण मॅलेटसाहेब चढले ती वाट कुणी पाडली होती? त्या रानात धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते. आजही माथेरानच्या पश्चिम पायथ्याच्या धोदाणीहून माणसे त्या डोंगरावर चढतात. त्यांच्या दृष्टीने तो बाजाररस्ता आहे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही इर्शाळ नि प्रबळ यांच्यामधल्या रानात होतो. इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. तिथवर गाडीरस्ता नव्हता. पीठमीठ, आजारी माणूस, पत्रे, सगळे खांद्यावरून. खाली मोरबे धरणाचे पाणी चकाकत असते. आमच्या बेलापूरच्या नळाला येते ते तेच पाणी.

एक सुंदर पायवाट धरून आम्ही तासभर चाललो होतो. इतक्यात समोरून एक म्हातारे बाबा आले. कमरेला आकडी, तिच्यात कोयता, मागे दोन गाई.

"कुठं चाललात?" त्यांनी विचारले.

"प्रबळला," मास्तर म्हणाले.

"ही वाट प्रबळला जात न्हाय. ही पाण्याला जाते."

मग ते स्वतःच वळले. पुढे ते नि त्यांच्यामागे आम्ही पाचजण. एका मोठ्या कुंभ्याच्या झाडाखाली, कातळाच्या बेचक्यात, ओंजळभर पाणी साठले होते. बाबांनी आधी त्यातली पाने काढली, हात झाडला, मग वहिनींना म्हणाले, "पी बाय." तिथून वरच्या माचीला जाणारी आडवी वाट त्यांनी दाखवली. ती वाट आम्हांला सात जन्मांत दिसली नसती. चालताना ते बोलत होते. ही वाट पाण्याची, ती करवंदांची, ती अमक्या आंब्याची, ती पलीकडच्या वाडीतल्या सोयऱ्यांची. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या मध्ये ते कोयता घेऊन निघत आणि एकेक वाट मोकळी करीत. "पावसात कारवी वाट खाते," ते म्हणाले. "दिवाळीआधी काढावी लागते."

आम्ही जिला आडवाट म्हणत होतो, ती अशी कुणीतरी दरसाल झाडलेली असते, हे त्या दिवशी प्रथम समजले. त्यानंतर चार-पाच वेळा आम्ही तिकडे गेलो. दर खेपेला बाबांच्या ओटीवर कोरा चहा व्हायचा. दर खेपेला साहेब त्यांच्या नातवंडांसाठी बिस्किटांचे पुडे नेत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, कित्येक दिवसांच्या पावसानंतर, इर्शाळवाडीवर दरड आली. माणसे झोपलेली होती. वर यंत्रे नेता येईनात, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकेना. कुदळ-फावडी घेऊन माणसे चिखलातून चढून गेली. त्यांत नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. चार दिवसांनी शोध थांबवला, तेव्हा सत्तावीस मृतदेह सापडले होते आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. दरडींच्या धोक्याच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले.

बाबा वाचले. त्यांच्या घरातले कोण वाचले नि कोण नाही, ते इथे लिहीत नाही. ती त्यांची गोष्ट आहे.

वाचलेल्या कुटुंबांना आरंभी चौकजवळ कंटेनरांत ठेवले होते. मग त्यांच्यासाठी सिडकोने पक्की घरे बांधली. ज्या सिडकोने आम्हांला खिडकीतून डोंगर दिला, तिनेच त्यांना डोंगराखाली घर दिले. वाडीची जुनी जागा राहण्याजोगी उरली नाही, तेव्हा दुसरे काय करणार? घरे चांगली आहेत, रस्ता दाराशी आहे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येतो. यात वाईट काय आहे, असे मला कुणी विचारले तर मी काही सांगू शकणार नाही. पण गाई विकल्या. आणि दिवाळीच्या आधी कोयता घेऊन वर जाणारे कुणी राहिले नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भेटीला गेलो, तेव्हा बाबा दारात खुर्चीवर बसले होते. आम्ही प्रबळच्या बाजूने, दरडीच्या जागेला वळसा घालून, त्या पाण्यापर्यंत जायचे ठरवले होते. त्यांना ते सांगताच त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी बसल्या जागेवरून वाट सांगितली. अमुक कातळापाशी डावी, मग दोन ऐन एकमेकांना टेकलेले दिसतील, त्यांच्या मधून, मग उतार सोडायचा नाही. मास्तरांनी ते शाळेतल्या पोरासारखे वहीत उतरवून घेतले.

दोन ऐन सापडले. त्यांच्या पुढे वाट नव्हती. कारवीची भिंत होती, आणि तिच्यात शिरून वहिनी खांद्याच्या उंचीच्या खुणा शोधत होत्या. जुने, तिरपे कापलेले बुंधे होते, पण त्यांच्या बाजूने नवे फुटवे येऊन वर गेले होते. एरवी दहा मिनिटांची ती वाट आम्हांला दीड तास लागली. पलीकडची आडवी वाट तर आम्हांला दिसलीच नाही. दोन वाजले, तेव्हा आम्ही कुंभ्याखाली होतो. तिथून मागे फिरलो. त्या दिवशी साहेब रुसले नाहीत.

उतरताना मुद्दाम चौकवरून आलो. अंधार पडला होता. बाबा दारातच होते.

"कुंभा हाय का?"

"आहे."

"आन् पाणी?"

"तेही आहे," डॉक्टर म्हणाले. "पण पानांनी पार भरलं होतं."

बाबांनी वहिनींकडे पाहिले. "पानं काढलीस का, बाय?"

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या ओढणीचे टोक अजून ओले होते.