काटा अडला म्हणून तुम्ही अडू नका!

पहिल्या महिन्यात वजन भराभर उतरतं. मग काटा जागचा हलत नाही. चिडचिड होते, धीर सुटतो आणि सगळे प्रयत्न सोडून द्यावेसे वाटतात. पण नेमकं त्याच वेळी शरीरात काय चाललेलं असतं?

डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींनी एका रविवारी सकाळी वजनकाटा उचलला आणि सरळ माळ्यावर टाकला. ‘मेल्याचं तोंड बघायचं नाही मला!’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

कारणही तसंच होतं. वय ४७, वजन ७४ किलो. आई आणि थोरली बहीण दोघी मधुमेही. रक्ततपासणीत वहिनींची साखरही उंबरठ्यावर आलेली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी चहातली साखर बंद केली, रात्रीचा भात अर्ध्यावर आणला आणि रोज पहाटे पाऊण तास चालायला सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात ३ किलो वजन उतरलं. सगळ्या सोसायटीला सांगून झालं.

पुढचे सात आठवडे मात्र काटा ७१वर ठाण मांडून बसला. त्यातच भाचीच्या लग्नात एका नातलग बाईंनी चारचौघांत विचारलं, ‘अगं, तू डाएट करतेस ना? दिसत तर नाही तसं!’ त्या रात्री वहिनींनी चार गुलाबजाम खाल्ले. ‘एवढं करूनही उतरत नसेल, तर जिवाला मारायचं कशासाठी?’ दुसऱ्या दिवसापासून चालणंही बंद.

तुमच्याही घरात असं कधी घडलंय? मग वजनाचं हे गणित एकदा समजून घ्या.

पहिले किलो फसवे!

आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. या साठ्याबरोबर त्याच्या साधारण तिप्पट वजनाचं पाणीही साठतं. आहार कमी केला की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडतं. म्हणून सुरुवातीला काटा झरझर खाली येतो. आपण खूश होतो. पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त असतं.

खरी चरबी उतरते ती हळूहळूच. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. ७० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपझप चालली, तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. तूप घातलेली एक पुरणपोळी त्याहून जास्त देऊन जाते. रोजच्या खर्चापेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तरी आठवड्याला अर्धा किलोच्या आसपासच चरबी उतरणार. शिवाय वजन घटलं की शरीराचा खर्चही घटतो. म्हणजे वेग आणखी मंदावणार.

त्यात रोजचे चढउतार वेगळे. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की काटा किलो-दोन किलो वर जाऊ शकतो. ती चरबी नव्हे. पण सकाळी काट्यावर उभ्या असलेल्या बाईला हे कोण सांगणार?

घाई केली तर?

‘मग एकदम कमी खाऊ, जोरात व्यायाम करू’ हा विचार मनात येतोच. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा गाजली होती. त्यातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन उतरवलं होतं. त्यातलं ४१ किलो परत आलं होतं. आणि त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. अन्न एकदम तुटलं की शरीर दुष्काळातल्या गृहिणीसारखं काटकसर करू लागतं.

म्हणजे काटा अडतो तो तुमच्या आळशीपणामुळेच असं नाही. हा शरीराचा स्वभाव आहे.

काट्याला न दिसणारा फायदा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा जुजबी सल्ला दिला. दुसऱ्या गटाचा आहार सुधारला आणि त्यांना रोज निदान अर्धा तास चालायला लावलं. तीन वर्षांत पहिल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, तर दुसऱ्या गटात ३९ जणांना. आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन उतरलंच नव्हतं! काट्याच्या हिशेबाने ही मंडळी नापास, पण त्यांचा धोका मात्र कमी झाला.

वजन उतरलं तर उत्तमच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात सरासरी पाच-सहा किलो वजन कमी झालं आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पाच-सहा किलो, वीस-पंचवीस नव्हे!

शिवाय आपल्या लोकांच्या बाबतीत नुसतं वजन पुरेसं बोलत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीयांत चरबी पोटाभोवती साठते. म्हणून कमरेचा घेर बघायचा. बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असं भारतीय तज्ज्ञ सांगतात.

धीर टिकवायचा कसा?

वजन आठवड्यातून एकदाच करा. ठरावीक वारी, सकाळी, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत. एका आठवड्याच्या आकड्यावरून निकाल लावू नका. चार आठवडे मिळून बघा.

महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. वहीत आणखी चार गोष्टी लिहा: जिने चढताना दम लागतो का, झोप कशी लागते, रक्तदाब किती, साखर किती.

एखाद्या लग्नात पथ्य मोडलं, तर दुसऱ्या दिवशी कडक उपास करून प्रायश्चित्त घेऊ नका. पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. एक दिवस बिघडला म्हणजे महिना बिघडत नाही.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलल्या तरी सुरुवात होते. ताटात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडी-मासे असू द्या.

दोन-तीन महिने मनापासून करूनही फरक नसेल, तर डॉक्टरांना विचारा. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, स्टेरॉइडसारखी काही औषधं यांमुळेही वजन अडतं. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ साली भारतात आली आहेत. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, आणि थांबवल्यावर बरंचसं वजन परत येऊ शकतं. चिडून भरमसाट खाणं आणि मग उपास किंवा उलट्या करणं असं वारंवार होत असेल, तर ते लपवू नका. त्यावर उपचार आहेत.

आणि घरच्यांनो, ‘किती उतरलं?’ हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी ‘चल, मीही येतो चालायला’ म्हणा.

वहिनींचं पुढे काय झालं? चार दिवस घरी बसल्यावर चालण्याच्या मैत्रिणी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना ओढून घेऊन गेल्या. तीन महिन्यांनी ठरलेली रक्ततपासणी झाली. उपाशीपोटीची साखर ११६वरून १०३वर आली होती. कंबर चार सेंटिमीटरने कमी. ‘तरीच हातातल्या बांगड्या सैल झाल्यात!’ वहिनी रिपोर्ट हातात धरून म्हणाल्या. एवढे दिवस ती गोष्ट त्यांनी जमेलाच धरली नव्हती.

परवा रद्दीवाल्याचं माप तपासायला म्हणून वजनकाटा माळ्यावरून खाली आला. रद्दी मोजून झाल्यावर वहिनी हळूच त्यावर उभ्या राहिल्या. ७० किलो ४०० ग्रॅम.

‘बरं,’ एवढंच त्या म्हणाल्या. काटा भिंतीला लावून ठेवला आणि चपला पायात सरकवून चालायला गेल्या.