बेस घुमतो, बेस फाटतो

घरी एकट्याने वाजवताना बेस गिटार भरदार वाटते. सरावाच्या खोलीत ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच आवाज नुसता घुमायला लागतो, कोणता सूर लागला ते कळत नाही. मग वादक अ‍ॅम्पचा आवाज वाढवतो आणि प्रत्येक जोरकस आघाताला स्पीकर खरखरतो. अ‍ॅम्प बिघडला असे ठरते आणि त्याची रवानगी दुरुस्तीच्या दुकानात होते. प्रत्यक्षात दोष अनेकदा भलतीकडेच असतो: नॉब कसे लावलेत त्यात, खोलीच्या मापात, नऊ व्होल्टच्या बॅटरीत किंवा एखाद्या मळलेल्या जॅकमध्ये. तो घरच्या घरी शोधता येतो. त्यासाठी क्रम हवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम हवा.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवावे. घुमणाऱ्या आवाजात सूर असतो, पण खालच्या कंपनांच्या गर्दीत तो दबलेला असतो. फाटणाऱ्या आवाजात तारेने न काढलेली खरखर मिसळलेली असते, कारण वाटेतला एखादा टप्पा कुवतीबाहेर ताणला गेलेला असतो किंवा एखादा भाग सैल झालेला असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बेसचे काम मुळातच अवघड. चार तारांच्या बेसवरची सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पाच तारांच्या बेसवरची बी तार सुमारे ३१ वेळा. सूर एक सप्तक खाली गेला की तितक्याच मोठ्या आवाजासाठी स्पीकरच्या कोनाला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी ‘बेसमन’ हा अ‍ॅम्प. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस चार दहा इंची स्पीकर लावलेला बेसमन ५० वॉटच्या आतलाच होता. जोरात वाजवला की त्याचा आवाज फाटायचा. गिटारवादकांना नेमके तेच आवडले. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात तयार झालेला पहिला मार्शल अ‍ॅम्प याच बेसमनच्या सर्किटवर बेतलेला होता. बेसवादकांना मात्र मोठा आणि स्वच्छ आवाज हवा होता. तो देण्यासाठी अ‍ॅम्पेग कंपनीने १९६९मध्ये ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ आणला आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात तो रंगमंचावर पोहोचला.

शक्तीचा हा हिशेब आजही चुकत नाही. बेसचा नॉब १० डेसिबलने वर नेला की त्या पट्ट्यात अ‍ॅम्पला दहापट शक्ती पुरवावी लागते. छोट्या अ‍ॅम्पची सगळी ताकद तिथेच संपते.

घुमण्याचे पहिले कारण आपल्या कानात आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढत गेला की ते झपाट्याने पुढे येतात. घरी हळू आवाजात वाजवणारा वादक म्हणूनच बेसचा नॉब पुरता फिरवतो, मधला पट्टा कमी करतो आणि ते त्याला गोड लागते. हीच मांडणी मोठ्या आवाजात नेली की खोली भरून जाते आणि सूर हरवतो. उपाय सोपा आहे. सगळे नॉब मध्यावर आणावेत आणि पूर्ण बँड वाजत असताना आधी कमी करून पाहावे, वाढवणे नंतर. २०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घेतला की गढूळपणा निवळतो. ५०० ते १००० हर्ट्झ किंचित वर नेले की सूर ओळखू येतात. एकट्याने ऐकताना हा आवाज जरा कोरडा वाटेल, पण बँडमध्ये तोच उठून दिसतो.

दुसरे कारण खोली. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकते आणि ठरावीक सूर फुगतात. नेहमीच्या दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब मांडून पाहा. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झची लहर घुमते, बारा फुटांत सुमारे ४७ हर्ट्झची. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची आणि ई तारेवरचा दुसऱ्या पट्टीचा सूर ४६ हर्ट्झचा. म्हणजे हे दोन सूर अंगावर येणार आणि शेजारचे दबणार. त्यात अ‍ॅम्पची काहीच चूक नाही. अ‍ॅम्प कोपऱ्यात असेल तर हा परिणाम आणखी वाढतो. तो भिंतीपासून दूर घ्यावा, स्टुलावर ठेवावा किंवा त्याचे तोंड कानाच्या दिशेने तिरपे करावे.

तारा जुन्या झाल्या, घामाने मळल्या की वरची कंपने मरतात आणि आवाज बोथट होतो. अर्थात काहींना तोच आवाज हवा असतो. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन सपाट वेटोळ्याच्या तारा वापरत आणि त्या सहसा बदलत नसत. त्यांचा गोल, दबका बेस आजही अभ्यासला जातो. म्हणून आपल्याला कोणता आवाज हवा आहे हे ठरवूनच तारा बदलाव्यात.

आवाज फाटत असेल तर शोध वाद्यापासून सुरू करावा. आधी केबल काढून नुसती बेस वाजवावी. तार पट्टीवर घासत असेल तर ती खरखर तिथेच ऐकू येते. अ‍ॅक्टिव्ह बेसमधली बॅटरी उतरली की हलक्या हाताचे सूर स्वच्छ येतात आणि जोरकस सूर फाटतात. अशा बहुतेक बेसमध्ये केबल जॅकमध्ये खोचली की सर्किट चालू होते. ती रात्रभर खोचलेली राहिली तर बॅटरी संपत जाते. बॅटरी ठीक असेल तर दुसरी केबल लावून पाहावी, पेडल सगळी काढावीत. अ‍ॅम्पवर क्लिपचा दिवा लागत असेल तर गेन कमी करून मास्टर वाढवावा. अ‍ॅक्टिव्ह बेससाठी वेगळे इनपुट किंवा पॅडचे बटण असेल तर ते वापरावे.

यानंतर अ‍ॅम्पचे दोन भाग करून पाहावेत. हेडफोन लावून आवाज स्वच्छ आला तर बहुधा पुढचा भाग निर्दोष आहे. दोष शक्तीच्या टप्प्यात किंवा स्पीकरमध्ये. इफेक्ट्ससाठी मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील तर एक छोटी केबल एकातून दुसऱ्यात खोचावी. अनेक अ‍ॅम्पमध्ये सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या बारीक पत्रीतून जातो आणि दमट हवेत ती काळवंडते. केबल लावताच खरखर गेली तर चोर सापडला. अ‍ॅम्प बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा आणि पिन दहा-बारा वेळा आतबाहेर करावी.

स्पीकर तपासायचा तर अ‍ॅम्प बंद करून पुढची जाळी काढावी. दोन्ही हातांची बोटे कोनाच्या दोन बाजूंना समान दाबाने टेकवून तो अलगद आत ढकलावा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल जागेवरून हललेली आहे. मग ई तारेवर खालून वर एकेक सूर सावकाश वाजवावा. एखाद्याच सुराला खडखड आली तर सैल स्क्रू, हँडल किंवा जाळी तपासावी. सगळेच जोरकस सूर फाटत असतील तर कारण बहुधा विजेच्या बाजूला आहे.

अ‍ॅम्पची पेटी मात्र उघडू नये. ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालवू नये. वेगळ्या स्पीकरपेटीसाठी गिटारची केबल वापरू नये, जाड स्पीकर केबलच लागते. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात. अ‍ॅम्पला तेवढे चालते का, हे त्याच्या मागच्या पट्टीवर वाचून घ्यावे.

एवढे करूनही दोष राहिला तर दुकान गाठावे आणि नुसते ‘आवाज फाटतो’ एवढेच सांगू नये. बॅटरी नवी आहे, केबल बदलली, हेडफोनवर आवाज स्वच्छ आहे, स्पीकरवर फाटतो, अशा चार ओळी कागदावर लिहून अ‍ॅम्पबरोबर द्याव्यात. तंत्रज्ञाचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.