दंतव्यंगोपचार, प्रौढवयातील

वेडेवाकडे, पुढे आलेले, विरळ किंवा एकमेकांवर चढलेले दात जबड्यात योग्य जागी आणून वरच्या व खालच्या दंतपंक्तींचा मेळ साधणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस दंतव्यंगोपचार (ऑर्थोडाँटिक्स) म्हणतात. हे उपचार रूढ समजुतीप्रमाणे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी असतात. जबड्यांची वाढ पुरी झाल्यानंतर, म्हणजे साधारणपणे वयाच्या अठरा ते वीस वर्षांनंतर, ते केले असता त्यांना प्रौढवयातील दंतव्यंगोपचार असे म्हणतात. बोलभाषेत यालाच ‘दातांना तारा बसविणे’ किंवा ‘क्लिप लावणे’ म्हणतात. लहानपणी ऐपत नव्हती, गावात तज्ज्ञ नव्हता किंवा घरात कोणाला तशी गरज वाटली नाही, म्हणून राहून गेलेले हे काम स्वतःची मिळकत सुरू झाल्यावर करून घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या शहरांत व उपनगरांत मोठी आहे. ‘आता या वयात दात हलतील का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु निर्णय ज्यावर अवलंबून असावा, तो प्रश्न हा नव्हे.

दात सरकण्याची क्रिया : दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो. दंतमूळ व हाडातील खाच यांच्यामध्ये सु. पाव मिमी. जाडीचा तंतुमय थर (परिदंत बंध) असतो व दात त्यात टांगल्यासारखा असतो. तारेच्या साहाय्याने दातावर हलका पण सतत दाब दिला की, ज्या बाजूला थर दाबला जातो तेथे अस्थिभंजक कोशिका (पेशी) हाड झिजवितात व ज्या बाजूला तो ताणला जातो तेथे अस्थिजनक कोशिका नवे हाड घालतात. स्वीडिश दंतवैद्य कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून विसाव्या शतकाच्या आरंभी हे दाखवून दिले. हाडाची ही झीज व भर माणसात आयुष्यभर चालू असते. म्हणूनच पंचविशीतील, पन्नाशीतील व त्यानंतरचाही दात हलविता येतो. प्रौढात आरंभीचा वेग थोडा कमी असतो. एरवी दात महिन्याला सु. १ मिमी. सरकतो. दाब वाढविल्याने काम लवकर होत नाही. उलट थरातील रक्तपुरवठा खुंटून दात अडून बसतो, दुखतो व मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. उपचारास दीड ते अडीच वर्षे लागतात ती या कारणामुळे. वैद्याच्या संथपणामुळे नव्हे.

वयाने पडणारा फरक : वाढत्या मुलात जबड्याच्या वाढीला वळण देता येते, टाळूच्या मध्यसंधीचे हाड रुंदावून जागा करता येते. प्रौढात ही संधी बहुधा जुळून गेलेली असते. त्यामुळे दातांचे व्यंग व जबड्यांचे व्यंग यांत भेद करणे येथे फार महत्त्वाचे ठरते. नुसते दात दाटीने बसले असतील, तर ते तारांनी सुधारता येतात. मात्र खालचा जबडाच पुष्कळ पुढे किंवा मागे असेल, तर एक तर दातांची मांडणी बदलून व्यंग झाकावे लागते अथवा शस्त्रक्रियेने जबडा कापून नव्या जागी बसवावा लागतो. ऑस्ट्रियन शल्यविशारद ट्राउनर व ओब्वेगेझर यांनी १९५७ मध्ये वर्णिलेली खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया आजच्या पद्धतींचा पाया आहे. दाटी दूर करण्यासाठी जागा हवी असते व ती कित्येकदा चार उपदाढा काढून किंवा दातांच्या कडांचे दंतवल्क (टणक बाह्य आवरण) मिलिमीटरच्या अंशाने घासून मिळविली जाते. ‘चांगले दात का काढावयाचे?’ ही रुग्णाची शंका रास्त असून तिचे उत्तर क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे पुढे ठेवून मिळाले पाहिजे.

प्रौढाच्या तोंडाला पूर्वेतिहास असतो. एखादी दाढ पूर्वीच काढलेली असते व तिच्या शेजारची रिकाम्या जागेत कललेली असते. अशा वेळी तारा लावण्याचा हेतू शोभेचा नसतो. कललेली दाढ उभी केल्याखेरीज तेथे कृत्रिम दात नीट बसत नाही. जबड्यात स्क्रूप्रमाणे रोवलेला कृत्रिम दात (इंप्लांट) हाडाशी थेट जुळलेला असतो, त्याला परिदंत बंध नसतो, म्हणून तो मुळीच सरकत नाही. तेव्हा आधी तारा व मग इंप्लांट हा क्रम पाळावा लागतो. तो उलटा झाला, तर पुष्कळदा निस्तरता येत नाही.

हिरड्या व हाड : निर्णयाचे मर्म येथे आहे. प्रौढवयात दात जाण्याचे एक प्रमुख कारण परिदंत रोग (लोकभाषेतील पायोरिया) हे असून त्यात दातांभोवतीचे हाड हळूहळू झिजते. हा रोग दुखत नाही. हिरडीतून रक्त येणे, तोंडाला वास येणे व दात लांब दिसू लागणे ही त्याची लक्षणे होत. हिरडीला सूज असताना दात हलविले, तर हाडाची झीज वेगाने होते व सरळ झालेले दात डळमळू लागतात. याउलट रोग आटोक्यात आणला, हिरड्या निकोप झाल्या व रुग्ण त्या तशा राखू शकला, तर हाड कमी झालेले असूनही हलक्या दाबाने दात सुरक्षितपणे हलविता येतात. म्हणून आधी हिरड्यांचे उपचार, मग काही महिने निरीक्षण व त्यानंतर तारा असा क्रम योग्य ठरतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याचे दात तरुणपणी सरळ होते त्याचे वरचे पुढचे दात चाळिशीच्या सुमारास पंख्यासारखे पसरू लागले किंवा त्यांत नवी फट पडली, तर ते व्यंग नसून बहुधा हाड झिजल्याचे चिन्ह असते. आरशात दिसते ती फट आणि रुग्णाला हवी असते ती बुजविण्यासाठी तार. पण नुसती फट बुजविणे म्हणजे गळक्या छपराखालच्या भिंतीला रंग देणे होय. खालच्या पुढच्या दातांची वयाबरोबर थोडी दाटी होणे मात्र स्वाभाविक आहे. तिचा दोष अक्कलदाढेकडे दिला जातो. तथापि त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही व केवळ त्या भीतीने अक्कलदाढ काढणे समर्थनीय नाही.

महाराष्ट्रात मिश्री लावण्याची सवय, विशेषतः स्त्रियांत, जुनी आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांवर चोळली जाते. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त येणे कमी होते, म्हणून रोग असूनही तो लपून राहतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांत गालाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो व अशा तोंडात तारांचे काम जवळजवळ अशक्य असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; साध्या सुपारीवर नाही. काबूत नसलेला मधुमेह हिरड्यांचा रोग बळावतो, म्हणून रक्तशर्करेची तपासणी आधी करून घेणे इष्ट. अस्थिविरलतेवर (हाडे ठिसूळ होण्यावर) किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगावर दिली जाणारी काही औषधे हाडाची झीजच थांबवितात. त्यामुळे दात सरकणे मंदावू शकते आणि दात काढल्यास जखम भरून येणे कठीण होऊ शकते. अशी औषधे घेणाऱ्याने ती गोष्ट वैद्यास पहिल्याच भेटीत सांगावी.

काय साधते, काय नाही : दाटीतील दात घासणे सोपे होते, वरचे दात खालच्या हिरडीत रुतत असतील तर ती इजा थांबते, दातांची एकांगी झीज थांबविता येते आणि दिसणे सुधारते. हे शेवटचे कारण गौण मानण्याची रीत आहे. परंतु बोलताना तोंडापुढे हात धरणाऱ्या माणसाला ते गौण वाटत नाही व तेवढ्यासाठी उपचार घेण्यात गैर काही नाही. लग्न ठरेपर्यंत दात सरळ करून द्यावेत अशी घाई नातेवाइकांनी केलेली असली, तर मात्र मुलीची स्वतःची इच्छा विचारणे आवश्यक आहे, कारण दोन वर्षे दात घासावयाचे आहेत ते तिला. दुसऱ्या बाजूस, वाकडे दात सरळ न केल्यास ते किडतील किंवा पडतील ही भीती अवाजवी आहे. नीट स्वच्छ ठेवलेले वाकडे दात आयुष्यभर टिकतात. कानाजवळील जबड्याच्या सांध्याचे दुखणे तारांनी हमखास बरे होते, असेही सिद्ध झालेले नाही. हे सर्व ऐकून एखाद्याने आहे तसेच राहावयाचे ठरविले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय.

साधने : फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये दातांना दोऱ्यांनी बांधावयाच्या धातूच्या पट्टीचे वर्णन केले. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यांनी १८९९ मध्ये दंतव्यंगांचे वर्गीकरण मांडले व १९२८ मध्ये चौकटी खाचेचे ब्रॅकेट प्रचारात आणले. आजची बहुतेक स्थिर साधने त्याचीच वंशज आहेत. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत व हसताना तोंडभर धातूच दिसे, हे प्रौढ मंडळी दूर राहण्याचे एक कारण होते. मायकेल ब्यूओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्क अम्लाने खरवडून त्यावर राळ चिकटविण्याची पद्धत शोधली आणि पुढे ब्रॅकेट थेट दाताला चिकटविणे शक्य झाले. त्यानंतर दातांच्या रंगाची चिनी मातीची ब्रॅकेटे व जिभेच्या बाजूने लावावयाची साधने आली. १९९९ पासून पारदर्शक साच्यांची (ॲलाइनर) मालिका विक्रीस आली. साचे काढता येतात ही त्यांची सोय व तीच त्यांची अडचण : ते दिवसातून वीस ते बावीस तास घातले तरच काम करतात व प्रत्येक चहाच्या वेळी काढावे लागतात. गुंतागुंतीच्या व्यंगांत तारा अधिक भरवशाच्या असतात. हिरड्या व क्ष-किरण चित्रे न तपासता टपालाने साचे पाठविण्याचा व्यवसायही निघाला. त्यातील एक मोठी अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली व तिच्या ग्राहकांचे उपचार अर्धवट राहिले.

बदलापूरच्या रहिवाशाचा विचार : भारतात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण १९२० मध्ये कोलकात्यात सुरू झाले. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे असून दंतव्यंगोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. हा वारसा मुंबई शहरातील. बदलापूर हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सु. ६८ किमी. अंतरावर आहे. शासकीय दंत महाविद्यालय याच टर्मिनसजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, तर नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. नेरूळ, खारघर व कामोठे येथील खाजगी दंत महाविद्यालयांकडे ठाण्याहून गाडी बदलून जाता येते. शिक्षणसंस्थांत खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कमी असतो व काम पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. पण बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. दर महिन्यास एक याप्रमाणे दोन वर्षांच्या चोवीस भेटी धरल्या, तर टर्मिनसपर्यंतचा जाण्यायेण्याचा प्रवास सु. ३,२६० किमी. भरतो व जवळपास तेवढ्याच अर्ध्या रजा खर्ची पडतात. जो रोज याच मार्गाने नोकरीस जातो त्याला हे जड नाही. घरी लहान मूल असलेल्या गृहिणीला किंवा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला ते जड आहे आणि स्वस्त उपचार त्याला महाग पडू शकतात.

गावातल्या गावात उपचार घेताना वेगळी गोष्ट विचारावी लागते. उपनगरांतील दवाखान्यांत दंतव्यंगोपचारतज्ज्ञ पुष्कळदा ठराविक वारी येतो, एरवी सर्वसाधारण दंतवैद्य असतो. तार टोचू लागली किंवा ब्रॅकेट निघाले, तर मधल्या दिवसांत कोण पाहणार व तज्ज्ञाने येणे सोडल्यास अर्धे काम कोण पुरे करणार, हे आरंभीच ठरवून घ्यावे. या शाखेची एम.डी.एस. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते आणि दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. सांगितलेल्या रकमेत क्ष-किरण चित्रे, दात काढणे, हिरड्यांची सफाई व शेवटचा रिटेनर धरलेला आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

तारा असताना चिक्की, कडक चकली, उसाचे करवे व न कापलेला पेरू वर्ज्य असतात. गाडीत उभ्याने खाल्लेला वडापाव वर्ज्य नाही. मात्र त्याचे कण ब्रॅकेटाभोवती संध्याकाळपर्यंत राहिले, तर महिन्याभरातही दंतवल्कावर पांढरे डाग उमटू लागतात व ते सहसा पूर्णपणे जात नाहीत. डब्याच्या पिशवीत ब्रश ठेवणे जमणार नसेल, तर उपचार लांबणीवर टाकलेला बरा.

धारण अवस्था : तारा काढल्या म्हणजे उपचार संपला असे नाही. परिदंत बंधाची पुनर्रचना होण्यास तीनचार महिने लागतात. हिरडीतील लवचिक तंतू मात्र वर्ष उलटले तरी दाताला जुन्या जागेकडे ओढीत राहतात. प्रौढात, विशेषतः हाड कमी झालेले असल्यास, हा कल कायमचा समजावा. म्हणून पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवितात किंवा रात्री घालावयाची पट्टी (रिटेनर) देतात. ती किती वर्षे घालावयाची, याचे प्रामाणिक उत्तर ‘दात सरळ हवेत तोवर’ असे आहे. चिकटविलेल्या तारेचा एका दातावरचा सांधा सुटला, तर तो दात कोणतीही वेदना न होता हळूहळू फिरतो व बाकीचे जागेवर असल्याने ते लवकर लक्षात येत नाही. त्यामुळे सहा महिन्यांनी एकदा ही तार तपासून घ्यावी लागते व त्याच भेटीत तिच्यामागे साचलेले कीटण काढून घ्यावे लागते.